मागणीचा अंदाज: मॉडेल शिकून कंपनीत येणाऱ्यांसाठी

डेटा सायन्सच्या कोर्समध्ये मिळणाऱ्या डेटात ‘विक्री’ नावाचा एक रकाना असतो आणि त्यावर आपण निर्धास्त विश्वास ठेवतो. कंपनीत आल्यावर तो रकाना कोणी, कधी आणि कशासाठी भरला हे कळेपर्यंत मॉडेलला, म्हणजे जुन्या आकड्यांवरून पुढचा अंदाज काढणाऱ्या प्रोग्रॅमला, हात लावू नका, असं मी नव्या सहकाऱ्यांना सांगतो. पॅकबंद खाद्यपदार्थांच्या धंद्यात मागणीचा अंदाज बांधणं हे माझं काम. प्रेडिक्टिव्ह अ‍ॅनालिटिक्स, म्हणजे डेटावरून पुढचं ओळखायची पद्धत, कंपनीत रुजवताना घाम निघतो तो बहुतेक इथेच.

आमच्याकडे विक्री दोन प्रकारची. कंपनी डिस्ट्रिब्युटरला बिल करते ती प्रायमरी आणि डिस्ट्रिब्युटर दुकानदाराला बिल करतो ती सेकंडरी. ईआरपीमध्ये, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हाताशी असते ती प्रायमरी. तिचा आलेख काढला की महिन्याच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत उंच सुळके दिसतात. गिऱ्हाईक त्या दिवसांत जास्त खात नसतं. सेल्सची टार्गेटं पुरी करायची असतात, म्हणून माल डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात ढकललेला असतो. मॉडेल हा सुळका मागणी समजून शिकतं, फॅक्टरी महिनाअखेरीला जादा माल तयार ठेवते, आणि तयार माल दिसला की ढकलायचा मोह आणखी वाढतो.

सेकंडरीचा डेटा मिळवणं हे अल्गोरिदम निवडण्यापेक्षा कितीतरी मोठं काम आहे. लहान डिस्ट्रिब्युटर टॅलीत हिशेब ठेवतो, मालाची नावं स्वतःच्या सोयीने लिहितो. पाकिटाचं वजन थोडं बदललं की कंपनी नवा कोड काढते, आणि जुन्या कोडचा इतिहास तिथेच तुटतो. जुना कोड कोणत्या नव्याला जोडायचा, याची यादी बहुधा कुठेच लिहिलेली नसते. ती डेपोतल्या एखाद्या जुन्या माणसाच्या डोक्यात असते. त्यांच्याशेजारी बसा, चहा घ्या, यादी लिहून काढा. या कामाला कमी लेखू नका.

शून्याकडेही नीट बघा. एखाद्या आठवड्यात विक्री शून्य असेल तर मागणी नव्हती की माल नव्हता? साठ्याचा डेटा शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. तसं न करता मॉडेल चालवलं, तर जो माल संपला होता त्याचाच अंदाज पुढच्या वेळी कमी येतो आणि तो पुन्हा संपतो.

आता सण. 2022 मध्ये लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं, 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला. म्हणजे ‘गेल्या वर्षीचा ऑक्टोबर’ आणि यंदाचा ऑक्टोबर यांची तुलनाच होत नाही. 2023 मध्ये तर अधिक श्रावण आला आणि त्यामुळे गणेश चतुर्थी 31 ऑगस्टवरून 19 सप्टेंबरवर गेली. साबुदाणा, भगर, राजगिऱ्याचे पदार्थ विकणाऱ्याला किंवा अंडी-चिकनच्या व्यापाऱ्याला विचारा, श्रावण कधी लागतो यावर त्याचे किती पैसे अवलंबून असतात. लोक उपवास अधिकात धरतील की निजात, हे इंग्रजी महिन्यांच्या रकान्यातून उमगणार नाही. फेसबुकने 2017 मध्ये मोफत खुलं केलेल्या ‘प्रॉफेट’सारख्या साधनात सण सांगायची सोय आहे, पण दुकानदार दिवाळीचा माल किती दिवस आधी भरतो, ते तुम्हालाच ठरवून द्यावं लागतं. मार्च 2020 च्या लॉकडाऊनपासूनचे महिने पुसून टाकू नका, खूण करून वेगळे ठेवा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती टार्गेट आणि अंदाज यांच्या सरमिसळीची. टार्गेट म्हणजे कंपनीची इच्छा. अंदाज म्हणजे आत्ताच्या माहितीवरून काय घडेलसं वाटतं ते. बैठकीत अंदाज टार्गेटपेक्षा कमी दिसला की “जरा वाढवा” असा आग्रह होतो. नवख्याला तो मोडवत नाही, हे मी समजू शकतो. तरीही दोन्ही आकडे वेगवेगळ्या रकान्यांत ठेवण्याचा हट्ट सोडू नका. एरिया मॅनेजरना आकडा बदलायचा असेल तर जरूर बदलू द्या. त्यांना बाजारातलं असं काही ठाऊक असतं जे डेटात यायला महिना लागतो. फक्त मूळ आकडा, बदललेला आकडा आणि कारण ही तिन्ही नोंदवा. सहा महिन्यांनी कोणाच्या बदलाने फायदा होतो ते दोघांनाही दिसेल, आणि भांडणाची जागा चर्चा घेईल.

अंदाज चांगला असणं आणि त्यावर पैसे लावणं यांतलं अंतर समजून घ्यायचं असेल तर अमेरिकेतल्या झिलोचं उदाहरण अभ्यासा. घरांच्या किमतींचे अंदाज दाखवण्यासाठी ही कंपनी प्रसिद्ध होती. 2018 मध्ये ती स्वतः घरं विकत घेऊन विकू लागली. नोव्हेंबर 2021 मध्ये तिने तो धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. एका तिमाहीत 30 कोटी डॉलरहून अधिक रकमेचा फटका हिशेबात दाखवावा लागला आणि सुमारे एक चतुर्थांश कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. संकेतस्थळावर चालून जाणारी चूक खरेदीच्या व्यवहारात महाग पडते. म्हणून आमच्याकडे मी एकच आकडा देत नाही, कमीत कमी ते जास्तीत जास्त असा पल्ला देतो. लवकर खराब होणाऱ्या मालासाठी पल्ल्याच्या खालच्या बाजूला राहायचं, टिकाऊ मालासाठी वरच्या, हे प्लॅनिंगवाल्यांना लगेच पटतं.

सुरुवात एका डेपोपासून आणि मोजक्या मालापासून करा. ‘गेल्या वर्षी याच सणाच्या आठवड्यात जेवढं विकलं तेवढंच’ हा साधा अंदाज आधी काढा. तुमचं मॉडेल त्याला हरवत नसेल तर ते कोणाला दाखवू नका. आणि प्रत्येक अंदाज ज्या दिवशी दिला त्या दिवसाच्या तारखेसह जपून ठेवा. बऱ्याच ठिकाणी नवा आकडा जुन्यावरच लिहिला जातो, आणि मग वर्षअखेरीला साहेबांनी “मॉडेल किती बरोबर निघालं?” असं विचारलं की दाखवायला काहीच उरत नाही.