सजवून विकायला काढलेला जुना फ्लॅट: टोकन देण्याआधी काय तपासावं?

मुंबई, ठाणे, पुण्यात रिसेलचं घर शोधायला लागलं की 'फुल्ली रिनोव्हेटेड, फक्त बॅगा घेऊन या' अशा जाहिराती हटकून दिसतात. इमारत पंचवीस-तीस वर्षांची, आत मात्र चकचकीत टाइल्स, पीओपीचं छत, पट्टीचे दिवे आणि मॉड्युलर किचन. यातली काही घरं मालकांनी स्वतः राहण्यासाठी मनापासून केलेली असतात. काही मात्र कुणा इन्व्हेस्टरने सहा-आठ महिन्यांपूर्वी घेऊन, रंगरंगोटी करून पुन्हा बाजारात आणलेली असतात. हा धंदा बेकायदा नाही, आणि तो सचोटीने करणारेही आहेत. पण त्यात भिंतीच्या आतल्या कामावर वाचवलेला प्रत्येक रुपया विकणाऱ्याच्या नफ्यात जमा होतो, आणि पुढे त्याची भरपाई तिथे राहायला येणाऱ्या कुटुंबाला करावी लागते. वीस वर्षांचं कर्ज काढून घर घेणाऱ्यावर पहिल्याच पावसाळ्यात बादल्या लावायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हे सगळं लिहितो आहे.

अशा घराची खरी माहिती घरात कमी आणि घराबाहेर जास्त सापडते. ती खालच्या फ्लॅटच्या छतावर असते, सोसायटीच्या दप्तरात असते, नोंदणी कार्यालयाच्या इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यात असते. म्हणून आधी कागद, मग शेजारी आणि शेवटी घर, असा क्रम ठेवा. घर आधी पाहिलं की मन त्यात अडकतं, आणि मग कागदातल्या खटकणाऱ्या गोष्टींकडे आपण स्वतःहूनच काणाडोळा करतो.

पायरी १: इंडेक्स टू काढा आणि गणित मांडा

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या, म्हणजे आयजीआर महाराष्ट्रच्या संकेतस्थळावर दस्त शोधता येतो. इंडेक्स टूवर देणाऱ्या-घेणाऱ्याची नावं, दस्ताची तारीख, मोबदला आणि सरकारी बाजारमूल्य असं सगळं असतं. म्हणजे सध्याच्या मालकाने हे घर कधी आणि केवढ्याला घेतलं, ते तुम्हाला कळतं.

समजा, त्याने ८० लाखांना घेतलेलं घर आठ महिन्यांत १ कोटी १० लाखांना काढलं आहे. मुंबईत ६ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४ लाख ८० हजार, नोंदणी फी ३० हजार, दोन्ही वेळची दलाली मिळून दोनेक लाख. सात लाख असे गेले. उरलेल्या तेवीस लाखांत नूतनीकरण, अडकलेल्या पैशाचं व्याज, कर आणि नफा हे सगळं बसायला हवं. आता घर पाहताना कामावर खरोखर किती खर्च झाला असेल, याचा अंदाज ओळखीच्या ठेकेदाराकडून घ्या. भाव करताना हा आकडा हाताशी असला की एजंटच्या 'इंटिरियरलाच वीस लाख गेलेत' या वाक्याचं वजन कमी होतं.

पायरी २: समोरचा माणूस मालक आहे ना?

मुद्रांक शुल्क दोनदा भरावं लागू नये म्हणून काही जण घर स्वतःच्या नावावर करतच नाहीत. मूळ मालकाला टोकन देतात, साध्या कागदावर समजुतीचा करार करतात, कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) घेतात, काम उरकतात आणि थेट तुम्हाला विकतात. कुलमुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या 'विक्री'ने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. अशा व्यवहारात मूळ मालकाला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय पुढे जाऊ नका. करारावर सही त्याची हवी आणि पैसे त्याच्याच खात्यात जायला हवेत. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरचं शेवटचं नाव, लाइट बिल, मालमत्ता कराची पावती आणि बिल्डरच्या पहिल्या करारापासूनची साखळी वकिलाला दाखवा. वकील स्वतः निवडा, एजंटने सुचवलेला नको.

पायरी ३: सोसायटीच्या कार्यालयात आणि खालच्या मजल्यावर

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते.

सेक्रेटरींना भेटून शांतपणे विचारा: या फ्लॅटच्या कामाला परवानगी घेतली होती का? अर्जात काय लिहिलं होतं? काम चालू असताना कुणाची लेखी तक्रार आली का? देखभालीची थकबाकी आहे का? मोठ्या दुरुस्तीसाठी वर्गणी निघणार आहे का, पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत का? शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, कधी झालं, तेही विचारा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. अहवाल वाचायला मागा. इमारतच मोठ्या दुरुस्तीच्या यादीत असेल, तर आतल्या टाइल्स कितीही देखण्या असोत, त्यांचा भाव देऊ नका.

मग खालच्या फ्लॅटची बेल वाजवा. 'काका, आम्ही वरचा फ्लॅट बघतोय, तुमच्याकडे काही गळतीचा त्रास आहे का?' एवढं विचारलं तरी पुरतं. त्रास असेल तर ते तुम्हाला हाताला धरून बाथरूममध्ये नेतील आणि छत दाखवतील. तिथे पिवळट गोल डाग, पांढरे क्षार, पोपडे आलेला रंग किंवा पाइपाभोवती लावलेला ताजा सिमेंटचा थर दिसला, तर त्याचं मूळ बहुधा तुम्ही घेणार असलेल्या घरात आहे. संडास, बाथरूम, सिंक यांच्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती सदस्याने स्वखर्चाने करायची असते. खरेदी झाली की तो सदस्य तुम्ही. विकणारा तेव्हा दुसऱ्या इमारतीत दुसरं घर सजवत असेल.

पायरी ४: बाथरूमला वेळ द्या

बाथरूमचं काम दोन प्रकारे होतं. एकात जुन्या टाइल्स, कोबा सगळं स्लॅबपर्यंत फोडून काढतात, पाइप बदलतात, वॉटरप्रूफिंग करतात, पाणी भरून तपासतात आणि मग नवी फरशी बसवतात. याला वेळ लागतो, राडारोडा निघतो, खर्चही बराच होतो. दुसऱ्यात जुन्या टाइल्सवरच केमिकलने नव्या चिकटवतात. चार दिवसांत बाथरूम नवं दिसतं, आणि खालचा झिजलेला कोबा आणि जुनाट नहाणी ट्रॅप (जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं) आहे तिथेच राहतो.

फरक ओळखण्यासाठी दारात उकिडवे बसा. बाथरूमची जमीन बाहेरच्या पॅसेजपेक्षा खाली असायला हवी. टाइल्सवर टाइल्स बसवल्या की ती वर येते. उंबऱ्याची उंची जेमतेम उरलेली दिसते, दार खालून नव्याने तासलेलं दिसतं, जाळी खड्ड्यात गेल्यासारखी वाटते. नाण्याने टाइल्सवर टकटक करा, पोकळ आवाज कुठे येतो ते लक्षात ठेवा. एक बादली पाणी दाराजवळ ओता आणि ते कुठे जातं ते पाहा. उतार नीट नसेल तर पाणी कोपऱ्यात थांबेल.

अशी घरं बहुधा रिकामी असतात, त्याचा फायदा घ्या. जाळी बंद करून इंचभर पाणी किमान २४ तास, जमलं तर ४८ तास साठवायची परवानगी मागा. पातळीची खूण करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खालच्यांच्या छताला हात लावून या. विकणारा याला तयार होत नसेल, तर ते उत्तरही नोंदवून ठेवा.

पायरी ५: फॉल्स सीलिंगच्या वर काय आहे?

किनाऱ्यालगतच्या दमट, खारट हवेत जुन्या स्लॅबमधल्या सळया गंजतात. गंजलेलं लोखंड फुगतं आणि आतून रेटा देत काँक्रीटचा थर खाली पाडतं. तज्ज्ञ दुरुस्तीत तो भाग फोडून, सळई घासून, गंजरोधक लावून, गरज पडल्यास नवी सळई जोडून पुन्हा भरतात. झटपट कामात गिलाव्याचा हात फिरवतात आणि खाली पीओपी लावून टाकतात. गंज आत वाढतच राहतो, फक्त आता तो दिसत नाही.

म्हणून एखादा गोल दिवा काढायला सांगा. इलेक्ट्रिशियन दोन मिनिटांत काढतो. त्या भोकातून मोबाइल आत घालून टॉर्च लावून व्हिडिओ काढा, शक्यतो बाथरूम आणि किचनलगतच्या भागात. तांबूस ओघळ, उघड्या सळया, काळपट ओले डाग पडद्यावर स्पष्ट दिसतात. इमारत वीस वर्षांपुढची असेल तर स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घर दाखवाच. त्याची फी घराच्या किमतीपुढे काहीच नसते.

भिंतींवरचे पीव्हीसी पॅनेल, वॉलपेपर आणि 'फीचर वॉल' यांच्याकडेही अशाच नजरेने बघा. बाहेरच्या, पश्चिमेच्या किंवा बाथरूमला चिकटून असलेल्या भिंतीवरच नेमकं पॅनेल असेल तर त्यामागची ओल तपासायला हवी. शक्य असेल तर घर जुलै-ऑगस्टमध्ये, दोन दिवस सलग पाऊस झाल्यावर पाहा.

पायरी ६: भिंत गेली कुठे?

मंजूर नकाशा मिळवा आणि हातात घेऊन घरात फिरा. 'ओपन किचन'साठी काढलेली भिंत साधी विटांची होती की जुन्या बांधकामात भार पेलणारी? बीम किंवा खांब कुठे तासलाय का? बाल्कनी, फ्लॉवर बेड, डक्ट आत घेतलंय का? संडास सरकवून खालच्यांच्या बेडरूमवर आणलाय का? अशा बदलांवर उद्या महापालिकेची नोटीस आली, तर उत्तर द्यायला तुम्हीच घरात असाल.

हा प्रश्न फक्त दंडाचा नाही. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरमध्ये एक चार मजली इमारत कोसळून १७ जण गेले. तळमजल्यावर चालू असलेल्या बदलांच्या कामात खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये गुरुग्राममधल्या एका टॉवरचे एकाखाली एक मजल्यांचे भाग कोसळून दोघींचा जीव गेला, तिथेही वरच्या एका फ्लॅटमध्ये नूतनीकरण चालू होतं. ती इमारत तर जुनीही नव्हती. खांबाला हात लागल्याची शंका आली, तर सौदा कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

पायरी ७: वायर, पाइप, प्लाय

नवे मॉड्युलर स्विच म्हणजे नवी वायरिंग नव्हे. एक बोर्ड उघडायला लावा. गीझर आणि एसीला साधारण ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी, अर्थिंग जोडलेलं हवं, मुख्य बोर्डात गळती करंटवर बंद पडणारी आरसीसीबी हवी. गीझर, एसी, इंडक्शन एकदम चालू करून पंधरा मिनिटं थांबा.

नळ सकाळी पाणी येण्याच्या वेळी सोडा. सुरुवातीला तांबूस पाणी आलं तर जुने जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप अजून वापरात असावेत, एक तर या भिंतींत नाही तर इमारतीच्या लाइनमध्ये. सेक्रेटरींकडून खात्री करा.

किचनमध्ये सिंकखालचं कपाट उघडून तळाच्या फळीची कड दाबा. पाणी सोसणाऱ्या प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असतो. भुसा दाबून केलेली फळी असेल तर कड फुगून भुगा हाताला लागेल. फर्निचर मागे सरकवता आलं तर वाळवीच्या मातीच्या रेघा शोधा.

कोकणात किंवा गोव्यात जुनं कौलारू घर घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंतींना चुन्याचा गिलावा मानवतो, कारण त्यातून ओल बाहेर पडते. वरून सिमेंट आणि प्लास्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते आणि रंग सुटत राहतो. गोव्यात जागेवर १९७५ च्या कायद्याखाली कुणा मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा) हक्क आहे का, हेही विचारून घ्या.

पायरी ८: करारात लिहून घ्या

नव्या प्रकल्पात रेराच्या, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातले दोष बिल्डरला दुरुस्त करून द्यावे लागतात. एकेक जुना फ्लॅट सजवून विकणाऱ्यावर ही जबाबदारी सहसा येत नाही. तुमच्या हातात आहे ते मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साध्या काळजीने न दिसणारा मोठा दोष त्याने सांगायला हवा, असं ते म्हणतं. पण करारात वेगळं ठरलं असेल तर ते संरक्षण पातळ होतं. म्हणून 'जसे आहे तसे, जेथे आहे तेथे' हे वाक्य मसुद्यात शोधा आणि काढायला लावा. त्याजागी गळती, ओल, रचनेतले बदल, नोटिसा, तक्रारी यांबद्दल त्याचं लेखी निवेदन घाला. रकमेचा काही भाग पहिल्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवायला तो तयार असेल तर उत्तम. सगळेच तयार होत नाहीत, पण विचारायला हवं.

'इंटिरियरचे वेगळे द्या' असं म्हणून रोख मागितली तर नाही म्हणा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि करारात नसलेल्या रकमेवर तुमचा पुढे काहीच दावा उरत नाही. बँकेचा मूल्यांकनकार सजावट फारशी धरत नाही, त्यामुळे कर्ज कमी बसेल हे आधीच गृहीत धरा. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (रकमेतून आधीच कापायचा आयकर) कापून भरणं खरेदीदाराचं काम आहे. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर दर बराच जास्त असतो, सीएला विचारा.

शेवटच्या हप्त्याआधी काम चालू असतानाचे फोटो, वॉटरप्रूफिंग करणाऱ्याचं बिल आणि हमीपत्र, भिंतीतल्या वायर-पाइपांचा कच्चा नकाशा, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनचे नंबर मागा. नीट काम केलेला माणूस हे सगळं फोनमधून तिथल्या तिथे पाठवतो. फोटोंत उघडा स्लॅब, फोडलेला कोबा, भरलेलं पाणी दिसतंय का ते पाहा, आणि ते फोटो कराराच्या फाइलमध्ये लावून ठेवा.