रुंबा शिकण्याआधी विचारा: कुठला रुंबा?

मी सांगलीची. सात वर्षं भरतनाट्यम केलं, मग बॉलरूमचं, म्हणजे जोडीने करायच्या पाश्चात्त्य नाचांचं, वेड लागलं. आसपास शिकवणारं कुणी सापडेना, म्हणून वर्षभर मोबाईलवर बघून त्यातला रुंबा हा चार मात्रांचा नाच घोटला: चौकोनात पावलं टाकायची, एक सावकाश, दोन झटपट. मग मिरजेहून गाडी पकडून शनिवार-रविवारी पुण्याच्या क्लासला जायला लागले. पहिल्याच दिवशी सरांनी मला थांबवलं. "एकवर पाऊल नाही टाकायचं. दोनवर निघायचं."

मी घोटलेला रुंबा अमेरिकन शैलीचा होता. वर्ल्ड डान्सस्पोर्ट फेडरेशनच्या स्पर्धांत चालतो तो इंटरनॅशनल शैलीचा. त्यात दोन, तीन, चार अशी पावलं पडतात आणि 'एक'वर फक्त कंबर बसते, म्हणजे नवं पाऊल न टाकता उभ्या पायावर स्थिरावते. अमेरिकन रुंब्यात मुडपलेल्या गुडघ्यावर पाऊल टाकून मग पाय ताठ करतात. इंटरनॅशनलमध्ये वजन येतं ते ताठ पायावरच. अरमंडीत (भरतनाट्यममधली गुडघे मुडपून अर्धं बसण्याची स्थिती) मुरलेल्या माझ्या गुडघ्यांना हे वळण लावायला पाच महिने गेले, आणि त्या दिवसांत मी खूप रडले. तुमचे ते महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय.

इंटरनॅशनलमध्ये दोन गट. स्टँडर्डमध्ये वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, स्लो फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप. लॅटिनमध्ये सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो दोब्ले, जाइव्ह. अमेरिकन शैलीचे गट स्मूथ आणि रिदम. स्मूथमध्ये जोडी हात सोडून वेगळी होऊ शकते, स्टँडर्डमध्ये पकड शेवटपर्यंत सुटत नाही. अमेरिकन शैलीच्या स्पर्धा मुख्यतः अमेरिका-कॅनडात होतात, म्हणून आपल्याकडून सुरुवात करणाऱ्याने इंटरनॅशनलच धरावं असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यातही आधी वॉल्ट्झ. तीन मात्रांचा, मिनिटाला साधारण २८ ते ३० बार (तीन मात्रांचा एक बार), म्हणजे चुकलं तर सावरायला वेळ मिळतो. पुढचं पाऊल रोजच्या चालण्यासारखं टाचेवर पडतं, 'एक' संपता संपता शरीर वर चढायला लागतं, आणि 'तीन'च्या शेवटी पुन्हा खाली येतं. ते खाली येणं सगळ्यात अवघड: घोट्याने धरून ठेवलं नाही तर टाच धपकन आपटते. टँगोत हा चढउतार अजिबात नाही. स्टँडर्डच्या जोड्या फ्लोअरवर घड्याळाच्या उलट फिरतात, म्हणजे देवळातल्या प्रदक्षिणेच्या उलट. सुरुवातीला मी सारखी समोरच्या जोडीवर जाऊन धडकायचे. लॅटिनमधले सांबा आणि पासो दोब्लेही असेच फ्लोअरभर फिरतात, बाकीचे तीन बहुतेक जागच्या जागी.

बुटांचंही सांगते. नाचाच्या बुटाचा तळ स्वेडच्या, म्हणजे मऊ लवदार, चामड्याचा असतो. घरच्या खरबरीत शहाबादी फरशीवर माझा पहिला जोड दोन महिन्यांत गेला. घरी मोजे घालून सराव करा, बूट क्लाससाठी ठेवा.

अजूनही रोज सकाळी आई स्वयंपाकघरातून चार-चारच्या टाळ्या देते. पहिल्या टाळीला मी पाऊल उचलत नाही, कंबर बसू देते, आणि दुसरीला निघते.