थांबायचं कधी, हे ठरवताना या चुका टाळा

एमपीएससीच्या नादात मी पुण्याच्या सदाशिव पेठेत पाच वर्षं काढली. शेवटी थांबलो, बरं केलं. पण दोन वर्षं उशिरा थांबलो, आणि ती चूक माझीच.

निकालाच्या रात्री काहीही ठरवू नका. कट-ऑफ दीड मार्काने हुकला की दोनच गोष्टी सुचतात: पुस्तकं रद्दीत घालायची, नाहीतर पुढची प्रिलिम (पूर्वपरीक्षा) काढायचीच. थांबायची तारीख फॉर्म भरतानाच ठरवा आणि घरात कुणाला तरी सांगून ठेवा.

सगळ्यांत महागात पडते ती चूक म्हणजे आयोगाची मर्यादा तीच आपली समजणं. यूपीएससीत खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षं आणि ६ अटेम्प्ट. निदान मोजणी संपते तरी. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गासाठी ३८, मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षं. संधींवर एमपीएससीने डिसेंबर २०२० मध्ये मर्यादा घातली होती, ती २०२२ मध्ये मागे घेतली. आम्ही फक्त पेढे वाटायचे बाकी होते. अडवणारं कुणी उरलं नाही, हे तेव्हा सुचलंच नाही.

त्यात पॅटर्न बदलतो. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक, ९ पेपर, १७५० गुण. मग ‘आता सगळेच शून्यावर, एक चान्स घेऊ’ सुरू होतं. ज्याचा लिहिता हात आहे त्याने जरूर घ्यावा. पण आधी पंधरा दिवस रोज एक उत्तर हाताने लिहून तिऱ्हाइताकडून तपासून घ्या.

सल्ला टपरीवर मागू नका. शेजारच्या डेस्कवरचा ‘थांब’ म्हणणार नाही. तुम्ही उठलात तर त्यालाही उठावंसं वाटेल.

हिशोबातही मी चुकलो. मी वही ठेवायचो: कॉटचं भाडं, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज. बाबांचे पैसे पाच तारखेला यायचे. सोयाबीनचा भाव पडला त्या महिन्यात बारा तारखेला आले. फोनवर एवढंच म्हणाले, “उशीर झाला रे.” मी ‘जमा’च्या रकान्यात आकडा लिहिला आणि पान उलटलं.

आणि पोस्ट हवी की ते काम हवं, हे मी कधी तपासलंच नाही. डोळ्यासमोर दिव्याची गाडी होती; ते लाल दिवे तर १ मे २०१७ पासून बंदच झाले. पाचव्या वर्षी शेताच्या वाटेच्या वादात बाबांबरोबर तहसीलला जावं लागलं. दिवसभर बाकावर बसून साहेबांचं टेबल बघत होतो. बांधाची भांडणं, दाखले, सह्यांचे गठ्ठे, मधेच वरून फोन. साहेब शांतपणे एकेक निपटत होते. ते जन्मभर करावंसं मला अजिबात वाटलं नाही.

पहिल्याच वर्षी हे बघता आलं असतं. गावाहून तहसीलला एसटीचं तिकीट तीस रुपये होतं.