शेजारच्या पोराची तैवानची तयारी

आमच्या लीहायमध्ये, म्हणजे उटाहमध्ये, एखादं अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं अचानक केस बारीक कापून दुकानात पांढरे शर्ट चाळताना दिसलं की समजायचं, मिशनला, म्हणजे आपल्या चर्चच्या धर्मप्रचाराला निघालंय. यंदा समोरच्या घरातला थोरला तैवानला गेला. त्याची आई बॅग हातात धरून वजनाचा अंदाज घेत होती, नेमकी तेव्हा मी दारात. ‘तुम्हा लोकांना बॅगा भरायची सवय असते,’ म्हणून तिने मला आत ओढलं. खोटं नाही ते. 23 किलोच्या दोन बॅगांत पोळपाटापासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळं बसवून आणलेली बाई आहे मी. दोन वर्षांनी त्यांचा धाकटा निघेल, म्हणून जे जमलं आणि जे फसलं ते इथे टिपून ठेवते. या भागात नव्याने आलेल्या मराठी मंडळींनाही शेजारधर्म पाळताना उपयोगी पडेल. एक सूचना आधीच: समोरच्यांच्या पंथासाठी ‘मॉर्मन’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असला तरी 2018 पासून त्यांच्या चर्चनेच पूर्ण नाव वापरायला सांगितलंय, ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. निदान त्यांच्या ओट्यावर बसून बोलताना लक्षात ठेवावं.

सुरुवात कागदांपासून. अर्ज करताना देश मागता येत नाही. सॉल्ट लेक सिटीहून, म्हणजे चर्चच्या मुख्यालयातून, येईल ते ठिकाण मान्य करायचं. मुलगे 24 महिन्यांसाठी जातात, मुली 18. पूर्वी जाडजूड पांढरा लिफाफा यायचा, आता बोलावणं ऑनलाइन येतं. पण सगळी भावंडं, आजी-आजोबा, शेजारी गोळा करून ते मोठ्याने वाचायचं, ही पद्धत तशीच आहे. पासपोर्टची मुदत त्याच्याही आधी बघून ठेवावी. अर्जासोबत डॉक्टरांचे आणि दातांच्या डॉक्टरांचे दाखले लागतात, आणि अक्कलदाढा त्रास देतील असं वाटलं तर त्या निघण्याआधीच काढतात. आमच्या गल्लीत दरवर्षी दोन-तीन पोरं गाल सुजवून आइस्क्रीम खात बसलेली दिसतात. अक्कलदाढ इथे ठेवून अक्कल शिकायला परदेशी.

पैशाचं एकदाच सांगते. अमेरिकेतून जाणाऱ्याच्या घरून महिन्याला 500 डॉलर भरायचे, जुलै 2020 पासून हा आकडा आहे. म्हणजे दोन वर्षांचे 12,000. महागड्या शहरात गेलो काय नि स्वस्त गावात गेलो काय, भरायचे तेवढेच. ते सामाईक निधीत जातात आणि तिथे राहायच्या-खायच्या खर्चाचे पैसे मिशनकडून मिळतात. पगार नाही. समोरच्याने दोन उन्हाळे लोकांची लॉन कापली, हिवाळ्यात बर्फ ओढला, आमचाही. धाकट्याने आत्तापासून सुरुवात केलेली बरी.

आता बॅगा. सूट दोन, पांढरे शर्ट आठ-दहा, त्यातले निम्म्याहून जास्त अर्ध्या बाह्यांचे आणि इस्त्री न लागणारे. तैवानचा उन्हाळा आपल्या कोकणासारखा चिकट, सायकलवरून चौक गाठेपर्यंत शर्ट अंगाला चिकटतो. मी घातलेला घोळ इथेच आहे. ‘थंडीही असते’ एवढंच ऐकून मी लोकरीचा लांब कोट घालायला लावला आणि त्याने अर्धी बॅग खाल्ली. तैपेईची थंडी ओली असते. पारा फार उतरत नाही, पण घरांना आमच्यासारखं हीटिंग नाही, त्यामुळे बाहेर जेवढं तेवढंच आत. तिथे शर्टाच्या आतून घालायचे पातळ थर्मल कामाला येतात. कोट दुसऱ्या दिवशी बाहेर काढला. रेनकोट इथून नेऊच नये, तिथल्या स्कूटरवाल्यांचा रेनकोट इथल्यापेक्षा शंभर पटीने बरा. बूट मात्र इथूनच, दोन जोड. पोराचा पाय बारा नंबरचा, तेवढा तिथल्या दुकानात सहजी मिळत नाही. शिवाय तिथे आपल्यासारखेच चपला-बूट दाराशी काढून घरात जातात. म्हणून झटकन निघणारे बूट, आणि न फाटलेले मोजे. त्याच्या कपाटातल्या अकरा जोड्यांपैकी चार धड निघाल्या. मी हौसेने आणलेला प्लगचा अडॅप्टर परत केला, कारण तैवानची वीज 110 व्होल्ट आणि पिना अमेरिकेसारख्याच.

बॅगेत मावत नाही ती तयारी जास्त वेळ खाते, म्हणून ती निदान दोन महिने आधी सुरू करावी. बटण लावणं. कॉलर घासणं. साडेसहाला उठणं आणि साडेदहाला दिवा घालवणं. दिवस त्याच आखणीत चालतो: उठून व्यायाम, मग एकट्याचा अभ्यास, मग जोडीने अभ्यास, मग दिवसभर रस्त्यावर. सुट्टीत अकराला उठणाऱ्या पोराला हे विमानातून उतरल्यावर जमणार नाही. स्वयंपाकाचे निदान तीन पदार्थ हाताखालून जावेत. मी त्याला मुगाची खिचडी शिकवली, मुद्दाम मुगाची, कारण मूग तिकडे घरोघरी खातात. आणि तातुंग कंपनीचं ते विजेचं भांडं, बाहेर पाणी आत तांदूळ, ज्यात तिथले लोक सगळं वाफवतात, त्यात खिचडी उत्तम होते. पहिल्या दिवशी हळद इतकी पडली की त्याचा शर्ट, ओटा आणि कुत्रा पिवळे झाले.

एकटं नसण्याची सवय हा मुद्दा मला आधी कळलाच नव्हता. मिशनवर प्रत्येकाला एक कम्पॅनियन असतो. दोघांनी कायम एकमेकांच्या नजरेत राहायचं, झोपायचं एकाच खोलीत. जोडीदार आपण निवडायचा नाही, आणि सहा-सहा आठवड्यांनी बदल्या होतात, तेव्हा कुणाशी पटो वा न पटो. चाळीत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पण स्वतंत्र खोली, स्वतंत्र बाथरूम असलेल्या पोराने निघण्याआधी महिनाभर धाकट्याच्या खोलीत झोपावं. समोरच्याने तीन रात्री काढल्या. आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसून ‘तुझं हे खटकतं’ असं सांगायचं, अशीही रीत आहे त्यांच्यात. ही मात्र नवरा-बायकोंनी उचलावी अशी आहे.

चहाचा सराव सर्वांत अवघड. त्यांच्या धर्मात 1833 पासून चहा-कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य, आणि पोरगं निघालं चहाच्या देशात, जिथे दार उघडणारा आधी कप पुढे करतो. घरी आलेल्याने चहा नाकारला की यजमानाला काय वाटतं ते मला विचारा. समोरचे पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा माझा उकळता चहा तसाच राहिला, मी गोरीमोरी झाले आणि घाईघाईने वेलचीचं दूध केलं. म्हणून मीच त्याची तालीम घेतली. नुसतं ‘नको’ म्हणायचं नाही. दोन्ही हातांनी कप मागे सारून हसायचं, ‘वो बू ह छा’, मी चहा पीत नाही, आणि लगेच काहीतरी मागून घ्यायचं, पाणी तरी. मागितलं की यजमानाचा मान राहतो. ग्रीन टी हाही चहाच, हे तिथल्या आजीबाईंना पटवणं कठीण. दुकानात मात्र सोय आहे. ‘तोंगक्वा छा’ नावात चहा असला तरी त्यात चहाचं पान नसतं, तो कोहळ्याचा गोड पाक! आग्र्याचा पेठा ग्लासात घालून पितोय असं वाटेल. काही ठिकाणी त्यात खरा चहा मिसळतात, तेवढं विचारून घ्यावं.

भाषेसाठी उटाहमधल्याच प्रोव्होच्या, चर्चच्या प्रशिक्षण केंद्रात सुमारे नऊ आठवडे मिळतात. त्यातला सुरुवातीचा काळ घरूनच ऑनलाइन असतो, तेव्हा घरच्यांनी व्हॅक्यूम लावू नये. चिनी भाषेतला चढ-उतार चुकला की शब्दच बदलतो. छातीवरच्या काळ्या पट्टीवर चिनी आडनाव येतं आणि पुढे ‘एल्डर’साठी, म्हणजे मिशनवरच्या मुलग्यांना लावतात त्या उपाधीसाठी, चिनी शब्द, ‘चांगलाओ’. माझ्या मराठी कानाला तो ‘चांगला हो’ असाच ऐकू आला. मी त्याला अर्थ सांगितला तर म्हणाला, आई रोज हेच सांगते.

नकाराची तयारीही घरीच करावी. सिग्नलला थांबलेल्या स्कूटरवाल्याशी दिवा हिरवा व्हायच्या आत बोलायचं, आणि शंभरातले बहुतेक मान हलवून निघून जाणार. तिथे ते मोफत इंग्रजीचे वर्ग घेतात, त्यांना माणसं येतात, येशूसाठी नव्हे, इंग्रजीसाठी. त्याने लॉनसाठी दारं वाजवली होती, त्यामुळे हा भाग त्याला फार सांगावा लागला नाही. कचऱ्याचं मात्र मुद्दाम सांगितलं. तैपेईत कचरा शहराच्या ठरावीक विकतच्या पिशव्यांतच टाकायचा, आणि संध्याकाळी पियानोची धून वाजवत गाडी येते तेव्हा खाली धावत जाऊन हातानेच आत फेकायचा. गाडी चुकली तर पिशवी घरात, आणि तिथल्या उन्हाळ्यात कोळंबीची सालं दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून बघावीत एकदा.

सोबत चार फोटो प्लॅस्टिकमध्ये घालून द्यावेत, घराचा, भावंडांचा, कुत्र्याचा, बर्फाचा. शब्द संपतात तिथे फोटो चालतात. फोनवर सिनेमे नाहीत, गेम नाहीत, मैत्रीण इथे राहिली तर तिला पत्र. घरची ओढ लागून काम सुटलेल्या पोराला ते ‘ट्रंकी’ म्हणतात, म्हणजे ट्रंक भरून बसलेला.

निरोपाच्या दिवशी प्रोव्होला गाडी फार वेळ थांबवू देत नाहीत. बॅगा उतरवायच्या, मिठी मारायची, निघायचं. म्हणून रडायचं असेल ते आधीच, घरी उरकून घ्यावं. फोटोही तिथेच.

फेब्रुवारी 2019 पर्यंत वर्षातून दोनदाच फोन करता यायचा, नाताळला आणि मदर्स डेला. आता आठवड्यातून एकदा, तयारीच्या दिवशी. तो बहुधा सोमवार, कपडे धुण्याचा, किराणा आणण्याचा, केस कापण्याचा. तिथली सोमवार सकाळ म्हणजे आपली रविवार संध्याकाळ. तेव्हा रविवारी सातला कुणाला जेवायला बोलावू नये. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की सहाला.