दीड हजारांचा हप्ता बंद झाला, तर

लाडकी बहीण योजनेचा हप्ता आला नाही की बाया सेतू केंद्रात जाऊन पुन्हा अर्ज भरायला निघतात. त्याआधी पैसे खरंच बंद झालेत की दुसऱ्याच खात्यात गेलेत, ते पाहा. हे पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात पडतात. मध्यंतरी कुठे नवं खातं उघडलं आणि फॉर्मवर डीबीटीच्या (सरकारी पैसे थेट खात्यात घेण्याच्या) चौकोनात खूण झाली, तर हप्ता तिकडे वळतो.

'माय आधार' संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. ओटीपी येतो, म्हणून आधारला जोडलेला मोबाइल जवळ हवा. तिथे बँकेचं नाव दिसतं. त्या बँकेचं पासबुक भरून आणा. स्थिती 'इनॲक्टिव्ह' असेल तर बँकेत आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या आणि पोच घ्या. "आधार लिंक आहे" एवढं ऐकून परत फिरू नका. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला, आधार घेणं वेगळं आणि सरकारी पैसे कोणत्या खात्यात जायचे याची नोंद ठेवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे खातं जोडणं, म्हणजेच सीडिंग, वेगळं. निम्मा घोळ इथेच असतो.

खातं ठीक असेल तर योजनेची ई-केवायसी (आधारवरून ऑनलाइन ओळख पडताळणी) झाली आहे का ते आणि पात्रता तपासा. वय 21 ते 65, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात आयकर भरणारा किंवा सरकारी नोकर नाही, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नाही. 'नमो शेतकरी'चा लाभ असेल तर 500 रुपयेच येतात. ती चूक नव्हे.

खरी अडचण पासष्टी ओलांडल्यावर येते. पुढची योजना श्रावणबाळ, म्हणजे गरीब ज्येष्ठांना राज्य सरकार देतं ते मासिक निवृत्तिवेतन. रक्कम तीच, 1500; पण ती आपोआप सुरू होत नाही. तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत (निराधारांच्या योजना पाहणाऱ्या) नवा अर्ज करावा लागतो. वयाचा पुरावा, आधार, रेशनकार्ड, पासबुक, उत्पन्नाचा दाखला आणि राज्यात 15 वर्षं राहत असल्याचा रहिवासी दाखला लागतो. घर दारिद्र्यरेषेच्या यादीत नसेल तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत हवं. अडीच लाखांच्या अटीत बसणारी कितीतरी घरं इथे गळतात. नियम जाचक आहे, पण आज तोच आहे. त्यामुळे चौसष्टाव्या वर्षीच ग्रामपंचायतीत (शहरात नगरपालिकेत) जाऊन यादीत नाव आहे का ते पाहा आणि दाखले जमवायला लागा. श्रावणबाळ सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका, नाहीतर तेही थांबतं.

रोख थांबली म्हणून रेशन थांबत नाही. अंत्योदयचे 35 किलो किंवा प्राधान्य कुटुंबाचे माणशी 5 किलो वेगळ्या कायद्याने मिळतात. दुकानदार उलट सांगत असेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत विचारा.

वर्षाचे 18,000 गेले की आधी खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमा लिहून काढा. मे महिन्याच्या शेवटी जीवनज्योती विम्याचे 436 आणि सुरक्षा विम्याचे 20 रुपये जातात. खातं रिकामं असेल तर दोन-दोन लाखांचे विमे गुपचूप बंद पडतात, आणि ते कळतं घरात कुणी गेल्यावर. म्हणून 20 मेपर्यंत खात्यात 500 रुपये टाकून ठेवा. फायनान्स कंपनीचा हप्ता त्याच खात्यातून जात असेल तर तो चुकण्याआधी शाखेला लेखी कळवा, कारण परतलेल्या प्रत्येक हप्त्यावर बँक आणि कंपनी दोघंही दंड लावू शकतात. बचत गटाचं कर्ज असेल तर पुढच्या बैठकीत हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा आणि तसा ठराव वहीत लिहून घ्या.