जुनी डार्बी हातकडी घालून बघण्याआधी

जुन्या बाजारात इंग्रजी बनावटीची डार्बी हातकडी हाती लागली की ती मनगटात अडकवून बघायचा मोह होतोच. जरा थांबा. आधी ती रिकामीच बंद करून किल्लीने चार-सहा वेळा उघडून बघा. हिच्या किल्लीला आटे असतात. ती फिरवत गेलं की आतला खिट्टा स्प्रिंगच्या जोराविरुद्ध मागे सरकतो. आट्यांत गंज असेल तर किल्ली फिरते, पण खिट्टा हलत नाही. अशा वेळी जोर लावलात तर आटे गेलेच म्हणून समजा. शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब सोडा, रात्रभर ठेवा. दुसऱ्या डार्बीची किल्ली हिला लागेल या भरवशावर राहू नका.

घालायचीच तर एकाच हातात, घड्याळ-अंगठी काढून आणि घरात कुणीतरी असताना. दोन्ही हात अडकल्यावर ती किल्ली स्वतःला फिरवता येणं महाकठीण. या हातकडीला कमी-जास्त घट्ट करायचे दाते नसल्याने माप ठरलेलं असतं. मनगट जाड असेल तर दाबून बंद करू नका. आणि हो, ‘हायट, बर्मिंगहॅम’ हा इंग्रजी हातकडी कंपनीचा ठसा दिसला म्हणून लगेच पैसे मोजू नका, नकला पुष्कळ फिरतात.