हळकुंडावरचा उसना रंग

सांगलीत राहून आणि शाळेत रसायनशास्त्र शिकवून हळदीची पारख नाही म्हणणं मला शोभणार नाही. दळायला देण्याआधी मी एक हळकुंड पाण्याच्या ग्लासात सोडते. लगेच रंग सुटला तर वरून लेप आहे समजा, बहुधा लेड क्रोमेट या पिवळ्या रसायनाचा. लेड म्हणजे शिसं, मुलांच्या मेंदूला घातक. पावडर असेल तर ग्लासभर पाण्यावर चमचाभर टाका, ढवळायचं नाही. चांगली हळद तळाशी बसताना फिकट रंग सोडते, भेसळीची पाणी गडद पिवळं करते. शिसं आहेच का नि किती, हे मात्र एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळाच सांगेल. तपासणीच्या अर्जात ‘लेड, पीपीएममध्ये’ (म्हणजे दहा लाख भागांत किती) असं स्पष्ट लिहा. फोडणीत शिसं जळून जातं म्हणतात. जात नाही.